दोन हातांची साक्ष

पणजोबांचा शोध घ्यायला धुळ्याच्या देवपुरात माझ्याकडे येणारे बहुतेकजण आधी जनगणनेबद्दल विचारतात. खानदेशात १८७२ आणि १८८१ साली शिरगणती झाली खरी, पण बेरजा झाल्यावर घरोघरच्या नावांचे कागद जपले गेले नाहीत. गॅझेटियरमध्ये धुळ्याची लोकसंख्या मिळते, पणजोबा मिळत नाहीत.

मग वळायचं कोतवाल बुकाकडे, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदीकडे. अक्षर मोडी. मयताचं नाव, जात, वय, कारण: ताप, पटकी, देवी. वय बहुधा अंदाजाचं. चाळीस, पन्नास, साठ. तेव्हा मी घरातल्या आठवणी विचारतो. ‘पांझरा नदीच्या मोठ्या पुराच्या साली जन्म’ म्हटलं की १८७२ धरून बघता येतं; ‘छप्पनच्या दुष्काळात गेले’ म्हटलं की विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० ची पानं आधी उघडायची. श्राद्धाची तिथी ठाऊक असेल तर जुन्या पंचांगावरून तारीखही काढता येते.

तरी नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच गावात, एकाच आडनावात त्याच नावाचे दोघे-तिघे निघतात. म्हणून मी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळ बघायला सांगतो. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्यांनी तिथे गाव, भाऊ, मुलं लिहवून ठेवलेली असतात. कोतवालानं सरकारसाठी लिहिलं, उपाध्यायांनी यजमानाच्या कुळासाठी. एकाला दुसऱ्याच्या वहीचा पत्ता नव्हता. दोन्हीकडे बापाचं आणि भावांचं नाव जुळलं, की मगच मी वंशावळीत शाईनं लिहितो. तोवर पेन्सिल.

बायकांचा माग याहून अवघड. जमीन पुरुषांच्या नावावर, म्हणून वारसांच्या फेरफारातही त्या क्वचितच दिसतात. पण श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घेतात. जे कागदावर नाही ते अशा वेळी एखाद्या काकांच्या तोंडी असतं.

म्हणून येणाऱ्याला मी पहिलं काम सांगतो ते कचेरीतलं नाही. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसापाशी बसा. पणजीचं नाव आणि तिचं माहेर विचारा, लगेच लिहून घ्या. माहेरचं गाव कळलं तर तिच्या माहेरच्यांची नामावळही बघता येते. कोतवाल बुक पुढच्या वर्षीही चाळता येईल; थोरल्यांच्या आठवणीचा तसा भरवसा धरता येत नाही.