पहिला उंचवटा

२००९च्या मे महिन्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत पंधरा दिवस राहून परतलो, तेव्हा खिशातल्या पेन ड्राइव्हवर ‘कॅम्ब’ होतं. अँटनी लुइस आणि अँथनी चॅलिनर यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. विश्वात साधं द्रव्य किती, कृष्णद्रव्य किती, प्रसरणाचा वेग किती, हे त्याला सांगायचं. त्या विश्वाच्या पार्श्वप्रारणात, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशात, कोणत्या आकाराचे ठिपके किती ठळक असतील, याचा आलेख तो देतो. तोही फुकट. आमच्या तालुक्याच्या कॉलेजला विश्वरचनाशास्त्रातलं परवडण्याजोगं तेवढंच होतं. आयुकाचे संस्थापक नारळीकर. त्यांना महास्फोट कधी पटला नाही. त्यांच्याच छताखालून मी ही महास्फोटाची आकडेमोड उतरवून आणली, याचं मला उगाच चोरट्यासारखं वाटत होतं.

घरी मात्र कॅम्ब संगणकावर बसता बसेना. मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांच्या फाइलीत, इंटेलचा कंपायलर, माझ्याकडे जीफोर्ट्रान. ते बदललं तर ‘मिसिंग सेपरेटर’. तीन रात्री गेल्या, त्यातली दीड लोडशेडिंगने खाल्ली. शेवटी उमगलं : आज्ञेच्या ओळीआधी टॅब लागतो, आणि माझ्या एडिटरने तिथे स्पेस भरल्या होत्या. डोळ्याला दोन्ही सारखंच कोरं. १३.८ अब्ज वर्षांचं विश्व एका न दिसणाऱ्या टॅबवर अडलं होतं.

मग आलेख उमटला. पहिला उंचवटा आडव्या अक्षावर २२०च्या आसपास. म्हणजे आकाशात साधारण एक अंशाचा ठिपका, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवावेत तेवढा. आई चहा ठेवून म्हणाली, “डोंगर काढायला एवढं जागरण?”

पुढे वर्षानुवर्षं मी त्या डोंगराशी खेळलो. साधं द्रव्य वाढवलं की पहिला उंचवटा चढतो, दुसरा दबतो; स्प्रिंगला वजन टांगलं की ती खालीच जास्त ओढली जावी, तसं. पुस्तकात वाचून मला हे कधी कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ‘पिप इन्स्टॉल कॅम्ब’ एवढंच टाइप केलं. आत तेच फोर्ट्रान, वरून पायथॉनचा अंगरखा. चहा यायच्या आत काम झालं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. त्या तीन रात्रींनी मला काही शिकवलं, असं मी म्हणणार नाही. त्या वायाच गेल्या.

तिने प्रसरणाच्या ६७.४ या आकड्याजागी ७३ घातला. पहिला प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून आलेला, दुसरा अतिनवताऱ्यांच्या. उंचवट्यांची रांग किंचित डावीकडे सरकली.

“सर, मग यात चुकतंय कोण?”

“तुझा टॅब तरी नाही,” मी म्हणालो.