पॉइंट टू टू आणि माझं वर्कशॉप

बीडला घरी गेलो की मागच्या खोलीत माझं वर्कशॉप सुरू. मिक्सरचं बटण, कूलरची जाळी, काहीही तुटकं प्लॅस्टिक चालतं. परवा आतेभाऊ पॉइंट टू टू रायफल घेऊन आला. "इंजिनिअर ना तू? बघ की!"

हात जोडले. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, पिन तिथेच आदळते. रिकामी चालवत बसलं तर चेंबरची कड चेपू शकते. स्वप्निल कुसाळेचं २०२४चं पॅरिसचं ब्रॉन्झ याच काडतुसावरचं. हे फेविक्विकचं काम नव्हे!

गडी रुसला. असो. परवानाधारक कारागिराकडे पाठवला. रायफलच्या पेटीची तुटकी क्लिप मात्र प्रिंट करून दिली, तीही पीईटीजीत. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे बंद गाडीत काय होतं ते विचारू नका :)