देवमाशांचे माहेर

आपल्या नागपूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी मी आज देवमाशाची माहिती सांगणार आहे. माझे मामा धरमपेठेत राहतात. त्यांना प्राण्यांची पुस्तके वाचायचा भारी नाद आहे. ही माहिती त्यांनीच मला सांगितली.

हंपबॅक नावाचा देवमासा १३ ते १५ मीटर लांब असतो, म्हणजे आपल्या शाळेच्या दोन वर्गांएवढा! तो खरा मासा नव्हे. तो पाण्यावर येऊन श्वास घेतो. मादी पिल्लाला दूध पाजते. हे प्राणी उन्हाळ्यात थंड समुद्रात पोटभर खातात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून उष्ण समुद्रात येतात. अलास्काकडचे हवाई बेटांजवळ येतात. तिथे माद्या पिल्लांना जन्म देतात. नर तासन्‌तास गातात. एका भागातले सगळे नर एकच गाणे म्हणतात. पिल्लू आईला चिकटून पोहते. आई मात्र तिथे जवळजवळ उपाशीच असते. अंगातल्या चरबीवर ती दिवस काढते.

मला वाटले, हे तर बाळंतपणाचे माहेरच झाले! माझी आईसुद्धा दिवाळीत धरमपेठेला आजीकडे गेली होती. मला बहीण झाली. पण ती वेळेआधीच झाली, फक्त दीड किलोची. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले. मला फार भीती वाटली. मामा म्हणाले, "तिच्या अंगावर अजून चरबी नाही, म्हणून ऊब पाहिजे. देवमाशाच्या पिल्लालाही चरबी कमीच असते. म्हणून त्याची आई उष्ण पाण्यात येत असावी, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात."

काळजीने आईला जेवण जात नव्हते. आजी म्हणे, "दोन घास खाऊन घे न वं बाई." मग मी म्हणालो, "आई, तू काय देवमासा आहेस उपाशी राहायला?" तेव्हा आई हसली आणि जेवली. आता बहीण घरी आली आहे. तिला पाहायला या, पण हात धुऊन!

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत. पावसाळी वाऱ्यांमुळे ओमानजवळ खालचे थंड पाणी वर येते आणि त्यांना तिथेच खाद्य मिळते. त्यांचे सासर-माहेर एकाच समुद्रात! २०१७ साली ओमानजवळ लुबान नावाच्या मादीच्या अंगावर यंत्र लावले. ती समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि पुढे भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली.

१९६० नंतरच्या काही वर्षांत सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ हंपबॅक मारले. पुढे ओमानजवळ मोजणी झाली, तेव्हा ते शंभरही भरले नाहीत. म्हणून एकेक पिल्लू जगले पाहिजे. जाळे कापून असे प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांना महाराष्ट्र सरकारने २०१८ साली २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना काढली. मला ही योजना फार आवडली. जाळे कापणाऱ्या त्या सर्व काकांना माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी