काळे पट्टे

जुन्या सॅटर्न-5ची प्रतिकृती हाती आली ती खोक्याविना, माहितीपत्रकाविना. मोजलं तर 77 सेंटीमीटरच्या आसपास. खरं रॉकेट 110 मीटरहून थोडं उंच, म्हणजे प्रमाण 1:144.

पण खरी ओळख पटली ती रंगावरून. पहिल्या टप्प्यातल्या दोन टाक्यांच्या मधल्या भागावर रुंद काळे पट्टे आहेत. चंद्राकडे गेलेल्या एकाही सॅटर्नवर ते तिथे नव्हते. ते होते 500-एफवर. उड्डाणासाठी नव्हे, तर तळाची यंत्रणा तपासण्यासाठी मे 1966 मध्ये फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रात ते उभं केलं होतं. काळा रंग उन्हात फार तापतो हे लक्षात आलं आणि पुढच्या रॉकेटांवर तो भाग पांढरा झाला. अनेक किटांनी मात्र जुनीच रंगसंगती उचलली.

लोक हे पट्टे पुसून टाकतात, ‘अपोलो 11’सारखं करतात. मला ते पटत नाही. कुणा मुलाने ब्रशने भरलेला हा रंग आहे. कडेला केस चिकटलाय, तोही राहू दे. तुटलेली शेपटीची पाती तेवढी बसवायची, पातळ सिमेंटचा एकच थेंब सांध्यात सोडून. ‘यूएसए’ची अक्षरं पिवळी पडलीत. सुटी असती तर काचेला लावून उन्हात उजळवली असती. चिकटलेल्यांवर फक्त पारदर्शक लाखेचा हात देणार, म्हणजे पापुद्रे सुटायचे नाहीत.

उद्या इंजिनांचे शंकू. पाचातला एक हरवलाय, तो साच्यातून ओतावा लागेल.