गोफणीतला गोटा

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माळ्यावर चढावं लागे. गोफणीच्या एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत, मधल्या विणलेल्या पट्टीत गोटा. डोक्यावर गरके द्यायचे आणि चिमटी सोडायची. सुटला की गोटा वर्तुळ सोडून स्पर्शिकेच्या दिशेनं निघे. चिमटी जराशी उशिरा सुटली तर पाखरांऐवजी शेजाऱ्याच्या खोपीवर. "उंच नको रं, आडवा मार!" आजोबा खालून ओरडत.

अकरावीत प्रोजेक्टाइल मोशन आलं. सरांनी फळ्यावर अन्वस्त काढला. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. त्याच वेगानं ३० आणि ६० अंशांत फेकलेल्या दोन वस्तू एकाच जागी पडतात. फक्त दुसरी तिप्पट उंची गाठते आणि पावणेदोन पट वेळ घेते. एवढा वेळ पाखरं कशाला थांबतील? आजोबांचं म्हणणं तिथं पटलं.

पुढं कॉलेजात गोळाफेक पाहिली. ७.२६ किलोचा गोळा चांगले खेळाडू चाळिशीच्या आतल्या कोनातच सोडतात. एक तर गोळा जमिनीवरून नाही, खांद्याच्या वरून सुटतो, त्यामुळे सर्वोत्तम कोन ४५ च्या खाली येतो. शिवाय हाताला वर रेटण्यापेक्षा पुढं रेटताना जास्त वेग देता येतो. गोफणीच्या हलक्या गोट्याला वर हवाही अडवते.

गॅलिलिओला हे ठाऊक होतं. आडवा वेग कायम राहतो, खाली पडणं मात्र काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि या दोन्हींतून अन्वस्त तयार होतो, हे त्यानं नजरकैदेत असताना लिहिलं. पुस्तक १६३८ साली लायडनला छापलं गेलं. हवेमुळे ही रेषा बिघडते, हेही त्यात आहे. आमच्याकडे 'हवेचा रोध नगण्य मानू' म्हणून ते उरकलं जातं, नि पोरं सूत्रात आकडे घालत बसतात. मला हे शिकवणं अर्धवट वाटतं.

घरात अकरावीचं पोर असेल तर एवढं करा. टेबलाच्या कडेला दोन नाणी घ्या. एक टिचकीनं आडवं उडवा, त्याच क्षणी दुसरं नुसतं कडेवरून सोडा, आणि डोळे मिटून ऐका. जमिनीवर आवाज एकच येतो.