चौथी भिंत

आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला कपाट, दुसरीला खिडकी, तिसरीला दार. शोभेसाठी उरली ती चौथी. तिच्यावर खिळा एकच, आणि हक्क सांगणारे मात्र पुष्कळ!

त्या खिळ्यावर वडिलांनी स्वतःच्या हाताने टांगलेली रविवर्म्याची लक्ष्मी आहे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातली चित्रकला चाळीतल्या खोलीत आली. लक्ष्मी उतरवणे म्हणजे आईच्या लेखी वडिलांनाच घराबाहेर काढणे.

यंदा दिवाळीच्या रंगकामाला मुलीने हट्ट धरला, तिथे वारली चित्र हवे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळची ती भिंतीवरचीच. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढीत. तिला चौकट नको, की खिळा नको!

मग तोड निघाली. तीन भिंतींना पांढरा रंग दिला, म्हणजे खोली कोंदट दिसू नये, चौथीला गेरू. लक्ष्मी जागच्या जागी राहिली आणि तिच्याभोवती मुलीने तारपा नाच काढला.

परवा आई तिला म्हणाली, “अगं, तुझ्या आजोबांनाही एक ढोलके दे.” आता त्या नाचणाऱ्यांत एक जण टोपी घातलेला आहे.