तीन चिठ्ठ्या

गुहागरात ज्याचं आगर आहे त्याचा हिशेब कधी एका मालाचा नसतो. माडांच्या सावलीत पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल. बाजारात माल जातो तोही एकत्रच, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

1977-78 साली मी दहावीला होतो. ताईच्या लग्नासाठी आबांनी एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, म्हणून नारळ नि सोललेली सुपारी त्यालाच घालायची. तो चिठ्ठी द्यायचा ती अशी : नारळ इतके, सुपारी इतकी, एकूण रुपये इतके. कशाला काय भाव लावला ते त्यात नसायचं. विचारलं तर "भाव गेल्या खेपेचाच, आबा," एवढंच. उचल अंगावर असताना दुसऱ्यांदा कोण विचारतो?

आबांना नारळाचा संशय होता. शेजाऱ्यांना शेकडा 120 मिळत होते.

शाळेत तेव्हा एकसामयिक समीकरणं चालू होती. दोन समीकरणं घ्यायची, एका अक्षराचा आकडा दोन्हीकडे सारखा करायचा आणि वजाबाकी करून त्या अक्षराचा लोप करायचा. मी आबांच्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. पहिली : 100 नारळ, 8 किलो सुपारी, 172 रुपये. दुसरी : 200 नारळ, 16 किलो, 344 रुपये. पहिली दुप्पट करून दुसरीतून वजा केली, तर नारळ गेले, सुपारी गेली, रुपयेही गेले. शून्य बरोबर शून्य!

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "या दोन चिठ्ठ्या नाहीत रे, एकच चिठ्ठी दोनदा लिहिलीय." खरंच होतं. नारळ शेकडा 50 धरा नाहीतर 150, सुपारीचा भाव तसा खालीवर केला की दोन्ही चिठ्ठ्या जुळायच्या.

हे घरी सांगितलं. आबा दुसरीपर्यंत शिकलेले. क्षणभर गप्प बसले नि म्हणाले, "म्हणजे माल वेगळ्या मापानं न्यायला हवा." मला हे पुस्तकात पान उलटून शोधावं लागलं असतं.

पुढच्या खेपेला त्यांनी 250 नारळ नि फक्त 4 किलो सुपारी नेली. चिठ्ठी आली 286 रुपयांची. ती दुप्पट केली : 500 नारळ, 8 किलो, 572 रुपये. त्यातून पहिली चिठ्ठी वजा केली, सुपारी सुपारीत गेली. उरले 400 नारळ आणि 400 रुपये. शेकडा 100! मग सुपारी निघाली 9 रुपये किलो, म्हणजे बाजारापेक्षा थोडी वरच.

"सुपारीत कुरवाळतो नि नारळात कापतो," आबा म्हणाले. तीन खेपांत 550 नारळ गेले होते, म्हणजे 110 रुपये कमी आलेले. तेव्हा ही रक्कम आम्हाला लहान नव्हती.

आबा भांडले नाहीत. चौथ्या खेपेला नुसते नारळ नेले. नुसते नारळ म्हटल्यावर एकूण म्हणजेच भाव, झाकायला सुपारी नाही. शेकडा 115 मिळाले.

नंतर एकदा त्यांनी विचारलं, "मिरीपण घातली तर?" म्हटलं, तीन चिठ्ठ्या लागतील, आणि तिन्ही वेगवेगळ्या.

आपल्याकडे हे गणित जुनं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे ते भास्कराचार्य (जन्म 1114) अज्ञात संख्यांना रंगांची नावं द्यायचे : काळा, निळा, पिवळा. आमच्या क्ष आणि य पेक्षा ते बरं. नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या पुस्तकात या रीतीला गाऊस या जर्मन गणितज्ञाचं नाव आहे. पण त्यानंच सांगितलं की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथात हीच रीत आहे, आणि तीही धान्याच्या पेंढ्यांवर. उत्तम 3, मध्यम 2, हलकी 1 मिळून 39 मापं धान्य. 2, 3, 1 मिळून 34. आणि 1, 2, 3 मिळून 26.

ओटीवर बसून सोडवलं. उत्तम पेंढीला सव्वानऊ मापं, मध्यमला सव्वाचार, हलकीला पावणेतीन. आबा असते तर आधी विचारलं असतं, हलकी पेंढी कुणाच्या शेतातली म्हणून.